मर्सडीचे सहा खांब

चुंबक एकूण चाळीस जागी लावून पाहिलं. एकोणतीस जागी ते टक्कन चिकटलं, अकरा जागी गळून पडलं. बॉनेट, डिकी, चारही दरवाजे, छत, चाकांवरचे मडगार्ड, सगळीकडं लोखंड होतं. गळून पडायच्या अकराच्या अकरा जागा छत तोलून धरणाऱ्या सहा खांबांवर होत्या. पुढच्या काचेच्या दोन बाजूंना दोन खांब, दरवाज्यांच्या मध्ये दोन, मागच्या काचेला दोन.

आरतीनं चुंबक ओढणीनं पुसलं आणि त्या अकरा जागा पुन्हा तपासल्या. जुन्या स्पीकरमधून काढलेलं दणकट चुंबक होतं ते. क्लासमधल्या पोरांना दाखवायला ती वापरायची. गाडीच्या दाराला लावलं तर काढताना हाताला रग लागायची. खांबाला लावून हात सोडला, की खाली फरशीवर. लाकडाला लावल्यासारखं.

"काय म्हणतंय तुझं चुंबक?" आबांनी विचारलं. गाडीच्या मागच्या सीटवर उशी मांडीवर घेऊन ते बसले होते.

"थांबा जरा," आरती म्हणाली. ती बीएस्सी झालेली, लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्सच्या शंका सोडवायला बसायची. पोरांनी काहीही विचारलं तरी दोन वाक्यांत उत्तर द्यायची तिला सवय होती. आबांच्या प्रश्नाला तर एकच वाक्य पुरलं असतं, आणि तेच बाहेर पडत नव्हतं.

आदल्या संध्याकाळी लातूरला हादरा बसला होता. मोठा नव्हे. मांडणीवरचे पेले वाजले, पंखा हेलकावला आणि वरच्या मजल्यांवरची भाड्याची पोरं पुस्तकं टाकून जिन्यावरून खाली आली. "आबा, बाहेर या, बाहेर या!" असा त्यांनी गलका केला. आबांनी गाडीची काच खाली केली आणि म्हणाले, "तुमी पळा रे रस्त्यावर. मला काय हुतंय? मी गाडीत हाय." पोरं पळाली. तेवढ्यात वरून एक कपची निखळली आणि आबांच्या उशीवर पडली. भाकरीच्या तुकड्याएवढी. एका बाजूला गाडीचा क्रीम रंग, दुसऱ्या बाजूला खडूसारखं करडं काहीतरी. सकाळी त्यांनी ती आरतीच्या हातावर ठेवली. "बघ गं, तू शास्त्र शिकलीस. रंग तर गाडीचाच हाय. मागचं काय हाय?"

गाडी मर्सिडीज. आबांच्या गावी, किल्लारीपासून दोन कोसांवर, तिला सगळे मर्सडी म्हणायचे. आबा, म्हणजे हणमंतराव, लातूरच्या गंज बाजारातले तुरीचे आडते. चांगल्या दिवसांत हैदराबादच्या एका डॉक्टरकडून त्यांनी ती घेतली. त्र्याण्णव साली गणपती बुडवून उशिरा गावी पोचले, घरातल्यांना उठवायला नको म्हणून दिंडी दरवाज्यामागच्या ढाळजेत, वाड्याच्या तोंडच्या छपराखाली, गाडी लावली आणि मागच्या सीटवरच आडवे झाले. पहाटे भूकंपात माळवद खाली आलं. दगडी भिंती, सागवानी तुळया आणि वर्षानुवर्षं थर देऊन जाड झालेली पांढरी माती. घरातली चार माणसं गेली. आरतीची आजी गुणाबाई त्यांतच. ढाळजेची तुळई गाडीच्या छतावर आली आणि छतानं ती धरली. दुपारनंतर जवानांनी मागची काच फोडून आबांना बाहेर ओढलं तेव्हा त्यांच्या अंगावर ओरखडा नव्हता.

गाडी नांदेडहून नीट होऊन आली तेव्हापासून आबा जेवायला घरात आणि झोपायला गाडीत. आधी पत्र्याच्या शेडशेजारी, मग लातूरला भागवतनं, आरतीच्या वडिलांनी, बांधलेल्या घराच्या अंगणात. पुढं लातुरात क्लासचे दिवस आले. जळकोट, मुखेड, पार इस्लापूरची पोरं डॉक्टर व्हायला येऊन राहू लागली. ज्याच्या घराला दोन खोल्या होत्या त्यानं वर चार चढवल्या. भागवतनं घराचं होस्टेल केलं. मागच्या वर्षी अंगणावरही स्लॅब टाकायचं ठरलं, तेव्हा आबांना विचारायचं कसं, या काळजीनं घर गप्प झालं होतं. आबाच म्हणाले, "टाक की. मर्सडीनं एक घर झेललंय. तुझा स्लॅब काय चीज हाय?"

त्या भरवशावर स्लॅब पडला. गाडी त्याच्याखाली आली.

खांबावरून कपची निखळली होती त्या जागी आरतीनं स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि हलकेच दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. ओढून काढला तर त्याच्यासोबत लाल भुगा आणि वर्तमानपत्राचा बोळा बाहेर आला. ती बघतच राहिली. गेली दहा-बारा वर्षं रोज सकाळी या खांबाला हात टेकून ती आबांना चहा देत आली होती.

"आबा, बाहेर या," ती म्हणाली. "हे लोखंड नाही. गंजून गेलंय आणि वरून पुट्टी भरलीय. सहाही खांबांना."

आबांनी डोक्यावरच्या छताकडं पाहिलं, जसं एखाद्या ओळखीच्या माणसानं शिवी दिल्यावर पाहावं तसं. "मर्सडीत पुट्टी?" एवढंच बोलले. उशी काखेत मारून खाली उतरले आणि फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. परत आत येईनात.

त्या रात्रीपासून आबांची झोप गेली. रस्त्यापलीकडं मोकळा प्लॉट होता, तिथं बाज टाकून दिली. ते पडायचे, डोळे मिटून घ्यायचे, पण छाती वरखाली होत राहायची. कॉलेजात असताना प्रॅक्टिकलसाठी आरतीनं घरातल्या सगळ्यांचे श्वास मोजले होते. गाडीत गाढ झोपलेल्या आबांचे मिनिटाला तेरा भरायचे. आता बाजेवर मोजले तर चोवीस. आठवड्यात त्यांचे डोळे खोल गेले. चालताना झोक जाऊ लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि भागवतला बाजूला घेऊन सांगितलं, या वयात हे असं चाललं तर हृदय थकेल, काहीतरी करून यांना झोप लागू द्या.

"तुला कुणी सांगितलं होतं चुंबक फिरवायला?" भागवत आरतीवर खेकसला. "आन् फिरवलंस ते फिरवलंस, त्यांना सांगायचं काय नडलं होतं?"

"मग काय सांगू? झोपा निवांत, वरती वर्तमानपत्र आहे?"

"मी एखादी पट्टी मारून घेतो हितल्याच वेल्डरकडून."

"पट्टी मारणार कशाला? आत पत्राच शिल्लक नाही."

आरतीला आणखी एक गोष्ट डाचत होती. लातूरची हवा कोरडी. इथं लोखंड गंजतं ते वरून, आणि सावकाश. ही गाडी आतून खाल्ली होती. तिनं तो लाल भुगा शुद्ध पाण्यात भिजवला, गाळला आणि क्लासच्या लॅबमधून आणलेल्या सिल्व्हर नायट्रेटचा थेंब त्यात टाकला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. म्हणजे मीठ, आणि तेही भरपूर. गाडी बोअरच्या खाऱ्या पाण्यानं धुतली जाते, त्याचं असेल म्हणून तिनं त्याच पाण्यानं धुतल्या जाणाऱ्या फाटकाच्या बिजागरीचा गंज घेतला आणि तसंच करून पाहिलं. जेमतेम धुरकटलं.

"पप्पा, आपली गाडी कधी समुद्रावर गेली होती का?" रात्री ताटावर बसल्यावर तिनं विचारलं.

"मर्सडी? तुळजापूर, सोलापूर, हैदराबाद. समुद्रावर कशाला जाईल ती?"

"पण खांबांत समुद्राचं मीठ आहे."

भागवतचा घास हातातच राहिला. तो आरतीकडं बघत होता, पण बघणं तिच्या पलीकडचं होतं. मग ताट सारून तो उठला. हात न धुताच बाहेर गेला.

या गाडीचे पार्ट नांदेडला मिळायचे. अख्ख्या लातूरला याचं नवल होतं. काच वर-खाली करायचं हँडल तुटलं, भागवत नांदेडला गेला, घेऊन आला. दिव्याची काच, दाराचं कुलूप, वायपरची मोटर, सगळं नांदेडला, मकबूल मेकॅनिककडं. पुण्यामुंबईची माणसं अशा गाडीच्या एका दिव्यासाठी सहा महिने फिरतात, आणि भागवत सकाळी जाऊन संध्याकाळी यायचा. दरवेळी एकटा. आबा एकदा म्हणाले होते, "मी बी येतो, मकबूलला बघून किती दिवस झाले," तर भागवतनं ऊन फार आहे म्हणून टाळलं होतं.

खांब मिळाले तर तिथंच मिळतील, असा विचार करून आरती घरात न सांगता नांदेडच्या बसमध्ये बसली.

देगलूर नाक्याच्या मागं मकबूलचाचाचं गॅरेज होतं. पुढं माहूरला भाविक नेणारी एक जीप जॅकवर चढवलेली, तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले. मागं पत्र्याचं कुंपण आणि आत मोडक्या गाड्या. मकबूलचाचा स्टुलावर बसून चष्म्यातून एक बेअरिंग न्याहाळत होते. आरतीनं नाव सांगितलं तसे ते उठलेच.

"फरीदा, देख तो कोन आई! भागवतसेठची पोरगी. चाय टाक." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आबा कसे हायेत, बेटा? झोपून राहिले ना नीट?"

आरती चमकली. गाडीच्या माणसानं गाडीची चौकशी करावी. हे झोपेचं विचारत होते.

"नाही झोपत. त्यासाठीच आले. गाडीचे खांब गेलेत, चाचा. सहाही. आतून खाल्लेत."

"गेले?" मकबूलचाचांनी चष्मा काढला. "मी भागवतसेठला कवाच बोललो होतो, ह्यो समंदरचा माल हाय, ध्यान ठेवा. पन इतक्यात?"

"कुठला माल?"

मकबूलचाचा तिच्याकडं बघू लागले. जीपखालचे पाय थांबले. "खांब हायेत," ते म्हणाले. "ये. पन मी कापून न्हाई देनार, आधीच सांगून राहिलो."

गॅरेजच्या पार मागं, कडुलिंबाखाली, ताडपत्री होती. त्यांनी एक कोपरा धरून ती ओढली. खाली मर्सडी होती. तोच क्रीम रंग, पण उन्हानं विटलेला. आत सीट नाहीत. स्टिअरिंग नाही. दारांना कुलपं नाहीत, काचेची हँडलं नाहीत, दिव्यांच्या जागी भोकं. मागची काच नव्हतीच. छताच्या मधोमध आडवा पोचा आला होता, वीतभर रुंद, जणू कुणी अवजड लाटणं दाबलं असावं.

आरतीनं पर्समधून चुंबक काढलं. सवयच ती. पुढचा खांब, टक्क. मधला, टक्क. मागचा, टक्क. पलीकडं जाऊन तिकडचे तिन्ही. सहाच्या सहा.

"ही कुणाची, चाचा?"

"म्हंजी?" त्यांनी जीपखालून बाहेर आलेल्या मुलाकडं, कलीमकडं पाहिलं. "तुमचीच की, बेटा. हीच तर हाय तुमची मर्सडी. सेठनं सांगितलं न्हाई?"

ती हसली. खरंच हसली, कारण तिला दुसरं काही सुचलं नाही. "आमची लातूरला आहे. अंगणात."

मकबूलचाचांनी नुसतं बोट दाखवलं. छताच्या कडेला पावसाचं पाणी वाहून जायची बारीक पन्हळ असते, तिच्यात काहीतरी घट्ट बसलं होतं. आरतीनं नखानं खरवडलं. पांढरी माती. चिमटीत चोळली तर त्यात भुश्याची काडी. भूकंपाच्या वेळी ती पाच वर्षांची होती, आईवडिलांसोबत लातूरला. तिला आठवत होतं एवढंच, की गावाहून आलेल्या माणसांच्या केसांत, भुवयांत, कानांत ही अशीच माती होती, आणि ती माणसं ती झटकत नव्हती.

ती तिथंच एका टायरवर बसली. फरीदाचाचींनी दिलेला चहा हातात गार होत गेला.

"तिचं चेसिसच पिळवटलं होतं," मकबूलचाचा सांगत होते. "क्रेननं उचलली तवा पुढून अजून मोडली. मी बोललो, ही रस्त्यावर न्हाई येनार. तर तुझा बाप इथं माझ्यासमोर रडून राहिला. बोलला, आबा शेडमध्ये बसून राहतेत, डोळा मिटत न्हाई, रोज एकच विचारतेत, गाडी कवा येती. चाचा, माय गेली, आता बाप बी जाईल. मग आम्ही दोघांनी शोधली. इशाखापटनमला बंदरावरच्या ठेकेदाराची एक पडून होती. तेच मॉडेल, तोच रंग. हिच्या सीटा, हिचं स्टिअरिंग, हिचा नंबर तिला लावला. आतून वास तोच आला पायजे ना, बेटा? आबा आत बसले आन् तिथंच झोपले. सेठ बाहेर हुबा राहून रडला."

"आणि नंतरचे पार्ट?"

"हितूनच. सेठ सवता पाना घेऊन खोलायचा. मी हात न्हाई लावला."

"मग आता खांब कापायला का नाही म्हणता?"

उत्तर कलीमनं दिलं, हात पुसत. "अब्बाचा दस्तूर हाय. गाडी तोडायची तर पहिला पाना मालकानं फिरवायचा. स्क्रू खोलनं वेगळं, तोडनं वेगळं. दुनिया एका रातीत गाडी कापून मोकळी हून राहिली, आन् आमचं अब्बा मालकाच्या वाटंवर बसून राहिले."

"हसून घे," मकबूलचाचा म्हणाले. "हिनं मानूस वाचवला. त्या मानसाच्या हातानं सुरू झालं पायजे. भागवतसेठच्या न्हाई. आबांच्या."

भागवत जिन्याखाली पाण्याची मोटर चालू करत होता तेव्हा आरती घरी पोचली. "पप्पा, मी गाडी बघून आले," ती म्हणाली. कुठली ते सांगावं लागलं नाही. त्यानं मोटरचं बटण बंद केलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी मोठ्यांदा जीवशास्त्र पाठ करत होतं.

"मला वाटलं होतं, चार-सहा महिने," तो म्हणाला. "झोपेची घडी बसली की सांगू. मग वर्ष झालं. मग सांगायचं कसं? मग ठरवलं, ह्या गाडीचा जो पार्ट जाईल तो त्या गाडीचा आणून बसवायचा. हळूहळू हीच ती होऊन जाईल." तो भिंतीला टेकला. "खांबांवर बुडबुडे आले तेव्हा पेंटरला म्हटलं, वरून साफ कर, आबांना दिसू नये. आत एवढं खाल्लंय ते ठावं नव्हतं मला. आईची आण. नायतर मी वर स्लॅब घातला असता?"

आरतीला रागवायचं होतं. बसमध्ये तिनं वाक्यं जुळवली होती. पण वडील बंद मोटरचं बटण उगाच पुसत राहिले. "तुम्ही सांगा त्यांना," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आबांना भाड्याच्या जीपमध्ये बसवलं आणि म्हणाला, "नांदेडला जायचंय, मकबूलकडं." आबा वाटेत खिडकीला डोकं टेकून होते, डोळे उघडे.

मकबूलचाचांनी ताडपत्री ओढली. मकबूलला आबांनी सलामही केला नव्हता. ते गाडीभोवती फिरले नाहीत, पोच्याकडं पाहिलं नाही. सरळ मागं गेले. जिथं काच नव्हती तिथून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि छताच्या आतल्या बाजूला पंजा फिरवू लागले. एका जागी हात थांबला. पोचा आतून तिथं खाली आला होता.

"हे नाकाला लागत व्हतं," आबा म्हणाले. "हे. दिवसभर. मान वळवली की लागायचं."

त्यांनी हात काढला. पंज्याला पांढरी माती लागली होती. तिच्याकडं बघत राहिले. मग मागं वळून भागवतला, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग मी इतकी वर्सं कुणाच्या गाडीत निजलो रे?"

पुढं जीपचं इंजिन कुणीतरी चालू केलं होतं, कलीमनं धावत जाऊन बंद करवलं.

"आबा, तुम्ही झोपत नव्हता," भागवत म्हणाला.

"मला हितं आणायचं. मी हिच्यात निजलो असतो."

"नांदेडात? मकबूलच्या भंगारात?"

"भंगार कुणाला म्हनून राहिले, सेठ?" मकबूलचाचा म्हणाले. आबा खाली मातीत बसले. आरती धावली. त्यांनी तिचा हात धरला, पण उठायला नव्हे.

"तू शास्त्र शिकलीस," ते म्हणाले. "तू सांग. आता काय करायचं हाय तुमाला?"

"या गाडीचं वरचं सगळं कापायचं. सहा खांब, छतासकट. आणि लातूरच्या गाडीवर बसवायचं. नाहीतर ही अशीच राहू द्यायची आणि तुमच्या झोपेचं दुसरं काहीतरी बघायचं."

"कापून जोडल्यावर बळ तेवढंच ऱ्हातं का?"

भागवत म्हणाला, "ऱ्हातं, आबा, ऱ्हातं."

"तुला न्हाई विचारलं."

आरती त्यांच्याजवळ खाली बसली. "मला माहीत नाही. जोड कसा होतो त्यावर आहे. मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

"मोजशील?"

"मोजीन."

आबांनी मातीचा पंजा धोतराला पुसला. पुसताना मधेच थांबले, उरलेली तशीच राहू दिली. "दे रे पाना," ते मकबूलला म्हणाले.

मधल्या खांबावर सीटच्या पट्ट्याचा एक जाड बोल्ट होता. आबांनी पाना लावला, जोर केला, बोल्ट हलला नाही. कलीमनं डिझेल सोडलं, थांबायला सांगितलं. आबा थांबले नाहीत. दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखे झाले आणि बोल्ट किंचाळत फिरला. मकबूलचाचांनी "बिस्मिल्ला" म्हणून पाना त्यांच्या हातातून घेतला. भागवत तोंड फिरवून उभा होता.

लातूरची गाडी ट्रकवर घालून नांदेडला नेली. जुने खांब कापताना आरती हजर होती. सुऱ्यानं भोपळा कापावा तसे ते कापले गेले, आणि आतून पोतंभर गंज आणि कागद निघाला. नव्या खांबांच्या प्रत्येक जोडात आतून जाड पट्टीचा तुकडा घालून मगच वेल्डिंग करायचं, हे ठरलं. एक जोड तिला पटला नाही. चुंबक चिकटत होतं, पण ठोकल्यावर आवाज बसका येत होता. कलीम वैतागला. "आपा, ही गाडी हाय का चांद्रयान?" पण कापून पुन्हा केला. छताचा पोचा काढायला ठोकणारा माणूस आला, तेव्हा आबांचा निरोप आला होता की खड्डा काढू नका.

मोजायच्या दिवशी आबा स्वतः आले. आता त्यांना धरून चालवावं लागत होतं. कडुलिंबाखालच्या बाजेवर त्यांना बसवलं. आरतीनं पुढच्या दोन सीटच्या मध्ये गाडीच्या तळावर लोखंडी दांडा उभा केला, त्यावर कलीमचा डायल गेज बांधला आणि त्याचं टोक छताला आतून टेकवलं. इंजिनच्या कामात केसाएवढा फरक दाखवणारं यंत्र ते. काटा शून्यावर आणला. बाराव्या पोत्यालाही तो पाच मिलीमीटरच्या आत राहिला तरच जोड पक्का, असं तिनं ठरवलं होतं. मग छतावर लाकडी फळ्या आणि फळ्यांवर वाळूची पोती. प्रत्येक पोतं वजनकाट्यावर तोलून वर जायचं आणि दर पोत्याला आरती दारातून वाकून डायल वाचायची. हमाल कुजबुजत होते. एकानं विचारलंच, "ताई, गाडीवर माल लादायची ही कोनती पद्धत?"

बारावं पोतं चढलं. एकूण वजन सहाशे बारा किलो. आरतीनं डायल वाचला, बाहेर आली, पुन्हा आत वाकून वाचला. सहाही जोडांवरून बोटं फिरवली. रंगाला कुठं तडा नव्हता.

"चला, उतरवा," ती हमालांना म्हणाली, आणि वळली तर बाज रिकामी होती.

मागचं दार उघडं होतं. आबा एक पाय आत टाकून दुसरा उचलत होते.

"आबा! पोती आहेत वर! उतरवू तरी द्या!"

"असू दे वर," आबा आत सरकत म्हणाले. "तवाबी व्हतंच की वर."

भागवत धावला. मकबूलचाचांनी त्याचा दंड धरला. आरती दारापाशी जाऊन थांबली. आबांनी उशी मागितली नाही. कुशीवर झाले, हात वर केला, पोचा जिथं खाली आला होता तिथं पंजा टेकवला आणि तो तसाच हळूहळू खाली घसरू दिला. फरीदाचाची चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, तशाच राहिल्या.

बराच वेळ गेला. आरतीनं वाकून डायल पाहिला. मग आबांच्या छातीकडं पाहिलं, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि मोजायला सुरुवात केली.

काटा दोन पूर्णांक चार मिलीमीटरवर होता. श्वास मिनिटाला तेरा.